पिल्लाचा कागद वेगळा विकू नका : गोव्यातील श्वानप्रजनकांस खुले पत्र

पेडण्यापासून काणकोणापर्यंत जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्या सर्व बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कोणालाही पिल्लासाठी फोन आला की बोलणे दोन-तीन वाक्यांतच एका प्रश्नावर येते : "पेपरसह की विदाउट पेपर?" मग दोन किमती सांगितल्या जातात. पिल्लू तेच, आई तीच, पेटीतला कोपराही तोच, पण वंशावळीचा कागद हवा असेल तर पाच, सात, कधी दहा हजार रुपये अधिक. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. ही पद्धत आपण आपणहून बंद करावी, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. कोणा सरकारी खात्याकडे किंवा जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या केनेल क्लबकडे न जाता थेट आपल्याकडे आले, कारण दोन किमती आपणच ठरवतो आणि त्या एक करणेही आपल्याच हातात आहे.

मी डिचोलीत राहते. गेली सोळा-सतरा वर्षे घरी लॅब्राडोर पाळते आणि या काळात तीन कुत्र्यांची मिळून नऊ वेते माझ्या मागच्या पडवीत झाली. त्यांतली आठ नोंदवलेली आहेत. पहिले नोंदवलेले नाही, आणि ते का नोंदवले नाही व त्याचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय मला बाकीचे लिहिण्याचा अधिकार नाही.

शेवंती ही माझी पहिली कुत्री. तिच्यासाठी जो नर निवडला तो उत्तम होता, नोंदवलेला होता. पण वेताची नोंद करायची तर अर्जावर नराच्या मालकाची सही लागते आणि त्यांनी सहीच्या वेळी ठरलेल्या एका पिल्लाऐवजी दोन मागितली. मी चिडले, शब्दाला शब्द लागला आणि शेवटी "नको तुमची सही" म्हणून मी परत आले. सहाही पिल्ले कागदाविना विकली. घेणाऱ्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही, उलट थोडी स्वस्त मिळाली म्हणून ते खूश होते. दोन वर्षांनी साखळी गावचे एक गृहस्थ त्यातला एक कुत्रा घेऊन दारात आले. त्याला रिक्षातून उचलून खाली ठेवावे लागले. माझ्या घराच्या तीन पायऱ्या चढताना तो दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलत होता आणि तिसऱ्या पायरीपाशी बसला तो उठेना. क्ष-किरण तपासणीत दोन्ही खुबे खराब निघाले होते. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसतच नव्हता. त्यांच्या डॉक्टरांनी विचारले होते की याची भावंडे कशी आहेत, आणि ते विचारायला ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. माझ्याकडे सहापैकी दोघांचे फोन नंबर होते आणि त्यातला एक बंद झालेला होता. दरम्यान शेवंती त्याच नराकडून दुसऱ्यांदा फळली नव्हती हे नशीब, पण दुसऱ्या नरापासून पोटुशी होती. त्या वेतानंतर मी तिची नसबंदी केली. बाकीच्या चार कुत्र्यांचे काय झाले, त्यांच्यापासून पुढे पिल्ले झाली का, हे मला आजतागायत माहीत नाही.

खुब्याचा हा दोष, ज्याला डॉक्टर हिप डिस्प्लेसिया म्हणतात, अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो आणि खाणे, वजन, वाढीच्या वयातली दगदग यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून एका पिल्लावरून काही ठरवता येत नाही. सगळी भावंडे, आईबाप, मागची पिढी एकत्र पाहिली तरच रेषा दिसते. अमेरिकेत १९६६ साली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था सुरू झाली ती कुत्र्यांच्या खुब्यांच्या क्ष-किरण चित्रांची नोंद ठेवण्यासाठीच. जर्मन शेफर्डचा आजचा वंश ज्या नोंदवहीतून मोजला जातो ती १८९९ साली सुरू झाली. होरांड फॉन ग्राफ्राथ नावाचा कुत्रा तिच्यातली पहिली नोंद, आणि त्याच जर्मन संस्थेत आज प्रजननाआधी खुब्यांची तपासणी करून घ्यावी लागते. वंशावळ आणि तब्येत यांचा संबंध असा आहे. वंशावळीचा कागद पिल्लू निरोगी असल्याची हमी देत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. तो फक्त इतकेच सांगतो की याचे आईबाप, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा हे आहेत. पण एवढे माहीत असेल तर तब्येतीचा शोध घेता येतो, आणि माहीत नसेल तर डॉक्टरही हात टेकतात.

नोंदवह्यांचा उगमही अशाच गोंधळातून झाला. इंग्लंडमध्ये केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशनोंदवही निघाली, तिच्यात १८५९ पासूनच्या प्रदर्शनांतल्या ४,०२७ कुत्र्यांची नोंद होती. त्या काळी एकाच नावाची इतकी कुत्री असत की कोणता कुत्रा कोणाचा बाप हे सांगणे कठीण होई, म्हणून १८८० पासून प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र नाव नोंदवण्याची पद्धत तिथे आली. आज आपल्या कागदावर केनेलचे नाव आधी आणि कुत्र्याचे नाव मागून अशी जी लांबलचक नावे येतात त्यांचा हेतू मोठेपणा मिरवण्याचा नाही. एक जीव दुसऱ्याशी गफलतीने जुळू नये, एवढाच आहे.

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या नोंदण्या आहेत आणि गिऱ्हाइकेच काय, आपल्यातलेही अनेकजण त्यांची सरमिसळ करतात. एक, प्रजनन करणाऱ्याची नोंदणी. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वानप्रजनन व विक्रीचे नियम केले आणि त्यांनुसार पैदास करून विकणाऱ्या प्रत्येकाने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे सक्तीचे आहे. त्याचे शुल्क पाच हजार रुपये आणि मुदत दोन वर्षांची. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत विकायचे नाही, मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत फळवायची नाही, तिच्याकडून आयुष्यात पाचांहून अधिक वेते घ्यायची नाहीत, पिल्लांना मायक्रोचिप लावायची, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. दुसरी, पाळणाऱ्याने पालिकेत किंवा पंचायतीत करायची कुत्र्याची नोंद. तिसरी, केनेल क्लबकडची वंशनोंदणी. आपल्याकडे ती बहुतेक करून चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे (केसीआय) होते. पहिली कायद्याने बंधनकारक आहे आणि तिसरी ऐच्छिक. "केसीआयचे पेपर आहेत, म्हणजे सगळे कायदेशीर आहे" हे जे सर्रास सांगितले जाते ते चुकीचे आहे, आणि ज्याच्याकडे मंडळाची नोंदणी नाही त्याने तर ते मुळीच सांगू नये.

आता खर्चाचे. दोन किमतींचे समर्थन नेहमी खर्चाच्या नावाने होते, म्हणून मी माझी वही उघडून बसले. गेल्या वेतात सात पिल्ले झाली. फळवण्याआधीच्या तपासण्या, नराची फी, दोन वेळची सोनोग्राफी, व्याल्यावर कुत्रीला सहा आठवडे लागलेला दुप्पट-तिप्पट आहार, कॅल्शियम, पिल्लांचे वरचे अन्न, चार वेळा दिलेले जंतांचे औषध, पहिली लस, आणि दोन रात्री फोंड्याहून बोलावलेल्या डॉक्टरांचे पैसे, असा तो सगळा खर्च आहे. त्यात वेताची नोंदणी आणि चिप यांचा मिळून एका पिल्लामागे जो खर्च आला तो त्याच्या लसीच्या आणि जंतांच्या औषधांच्या खर्चाच्या आसपास होता, आणि पिल्लाच्या किमतीच्या दहाव्या भागापर्यंतही पोचला नाही. बहुतेक क्लबांत सभासदाला शुल्क कमी आणि सभासद नसलेल्याला जास्त असते, उशीर केला तर आणखी वाढते. पण सगळे जास्तीत जास्त धरले तरी "पेपरचे" म्हणून आपण गिऱ्हाइकाकडून जे घेतो त्याच्याशी त्याचा मेळ बसत नाही. लसीचे पैसे आपण वेगळे मागत नाही. "लस दिलेले हवे की न दिलेले" असे विचारायला आपल्याला लाज वाटेल. मग वंशावळीच्या बाबतीत ती का वाटू नये?

खरी कारणे खर्चात नाहीत, हे आपल्याला एकमेकांत माहीत आहे. कुत्री दर माजाला फळवली जाते आणि त्यातले एक वेत नोंदवून दुसरे लपवावे लागते. वय भरलेले नसते किंवा उलटून गेलेले असते. पिल्लांचा बाप कुत्रीचा सख्खा भाऊ असतो. नराचा मालक सहीसाठी अडवून धरतो, माझ्या बाबतीत झाले तसे. आणि एक कारण असे आहे की जे लिहिताना हात जड होतो : पिल्ले सहा व्यालेली असताना अर्जात आठ लिहायची आणि उरलेले दोन कागद दुसऱ्याच कुत्रीच्या पिल्लांना चिकटवायचे. कागद वेगळा विकायची सवय लागली की पुढची पायरी हीच असते. कारण एकदा कागद पिल्लापासून सुटा झाला की तो कोणत्याही पिल्लाला लागू शकतो.

ही पायरी अडवते ती चिप. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचतात आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. तोच क्रमांक नोंदणीच्या कागदावर यायला हवा. पण चिप आपल्या आपण बोलत नाही, ती वाचावी लागते. माझ्याकडे पिल्लू न्यायला येणाऱ्याला मी आधी मांडी घालून खाली बसायला सांगते आणि पिल्लू त्याच्या मांडीवर देते. मग वाचक-यंत्र पिल्लाच्या मानेवरून फिरवायचे, बीप झाली की पडद्यावरचा आकडा मी मोठ्याने वाचायचा आणि त्याने कागदावर बोट ठेवून जुळवायचा. पंधराही आकडे. गेल्या वेळी एक शाळकरी मुलगी आली होती, तिने आकडे वाचायचे काम आपल्याकडे घेतले आणि बापाला बोट ठेवायला लावले. दोन मिनिटेही लागत नाहीत. हे यंत्र प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही, एका तालुक्यातल्या चार-पाच जणांत एक पुरते.

चिप लावण्याआधीच्या दिवसांतही ओळख पक्की ठेवता येते. जन्मल्या जन्मल्या मी प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधते, रोज सकाळी भाजीच्या काट्यावर वजन करते आणि रंगापुढे आकडा लिहिते. "निळा, ४१०. पिवळी, ३७५." दहाव्या दिवशी पिवळीचे वजन वाढले नाही हे मला या वहीमुळे कळले आणि तिला बाटलीने पाजता आले. नोंद ठेवणे म्हणजे कार्यालयीन कटकट, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा असे एक वेत वहीसह वाढवून पाहावे.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळ पिल्ले इथे जन्मलेलीच नसतात. ती घाट उतरून रातोरात टोपल्यांतून, खोक्यांतून येतात, अनेकदा तीस-पस्तीस दिवसांची, दूध नुकतेच तुटलेली, आणि इथल्या कोणाच्या तरी घरी चार दिवस ठेवून "घरची" म्हणून विकली जातात. त्यांची आई कोणी पाहिलेली नसते. अशा पिल्लाला पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला की आठवड्याभरात सगळे संपते आणि ज्याने घेतले तो पुन्हा कुत्रा पाळायचे नाव काढत नाही. जो माणूस आईला दाखवतो, वेताच्या नोंदणीचा अर्ज दाखवतो आणि आठ आठवडे थांबायला सांगतो, त्याच्याकडून पिल्लू घेण्याची सवय लोकांना लागली तर या व्यापाराचा पायाच ढासळेल. पण ती सवय आपण लावली तरच लागेल. आपण स्वतःच "विदाउट पेपर" विकत असू तर खोक्यातल्या पिल्लात आणि आपल्या पिल्लात गिऱ्हाइकाने फरक करायचा कशावरून?

याच राज्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांची जी नोंद झाली ती पाहून मला आपल्याविषयी अधिक खंत वाटते. मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी गावागावांत फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि कुठे, किती कुत्र्यांना टोचली याची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये केली. २०२१ साली राज्य सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि त्या कामात या नोंदींचा मोठा वाटा आहे. ज्याचा कोणी धनी नाही अशा कुत्र्याचीही दखल घेतली जाते, आणि पंचवीस-तीस हजारांच्या पिल्लाचा बाप कोण हे मात्र त्याच्या मालकाला सांगता येत नाही.

जातींवरील बंदीचा विषय निघाला तेव्हाही हेच झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने तेवीस जातींविषयी राज्यांना पत्र पाठवले, कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केले, आणि आपल्याकडेही पिटबुल व रॉटवायलरचा प्रश्न मंत्रिमंडळापर्यंत गेला. बंदी असावी की नसावी हा या पत्राचा विषय नाही. पण अमेरिकन पिट बुल टेरियरला एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यताच नसताना आपल्याकडे "पेपरवाला पिटबुल" विकल्याच्या जाहिराती मी स्वतः वाचल्या आहेत. ते कागद कसले होते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला?

नोंदणी हे परदेशी जातींचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांना मी मुधोळ कुत्र्याची आठवण देते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या मुधोळ संस्थानात घोरपडे राजघराण्याने या शिकारी जातीला आश्रय दिला, २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, आणि आता राजपालयम व चिप्पिपराई या देशी जातींबरोबर तिची देशाच्या पशुवंश नोंदवहीत अधिकृत नोंद झाली आहे. पण जातीची नोंद झाली म्हणून एकेका कुत्र्याची वंशावळ आपोआप तयार होत नाही. गोव्यात मुधोळ पाळणारी चार-पाच घरे मला माहीत आहेत आणि त्यांतल्या एकाही कुत्र्याचे आजोबा कोणते हे मालकांना सांगता येत नाही. देशी जातीच्या बाबतीत हे नुकसान अधिक मोठे आहे, कारण मुळात चांगले नर थोडे, आणि नकळत नात्यात जोड लागण्याची भीती जास्त.

तुमच्यातले काहीजण प्रामाणिकपणे वेगळे कारण सांगतात, आणि ते मी मान्य करते : कागद दिला की घेणारा पहिल्या माजालाच कुत्री फळवतो आणि तिचा धंदा मांडतो, म्हणून आम्ही कागद देत नाही. ही काळजी खरी आहे. पण कागद न दिल्याने तो थांबत नाही, फक्त त्याची पिल्लेही बेनामी होतात. अमेरिकन केनेल क्लबने यासाठी मर्यादित नोंदणीची सोय ठेवली आहे. कुत्र्याची स्वतःची नोंद होते, पण त्याच्या पिल्लांची होत नाही, आणि ती मर्यादा उठवायची की नाही हे मूळ प्रजनन करणाऱ्याच्या हातात राहते. अशी सोय आपल्याकडेही रुळावी म्हणून आपण मिळून क्लबाला लिहू. तोपर्यंत विक्रीच्या वेळी साध्या कागदावर करार करता येतो. मी तो करते, आणि नसबंदी केल्याचा दाखला आणून देणाऱ्याला ठरलेली रक्कम परत करते.

तेव्हा माझे मागणे असे आहे. जाहिरातीत एकच किंमत लिहा आणि नोंदणी तिच्यातच धरा. जन्मलेले सगळे वेत नोंदवा, त्यातली दोन-तीन पिल्ले निवडून नव्हे, आणि मेलेल्या पिल्लाचीही वहीत नोंद करा. नराच्या मालकाशी मोबदला आणि सही यांचे बोलणे जोड लावण्याआधी लेखी करून घ्या. माझी चूक तिथेच झाली होती. पिल्लू हातात देताना मालकी-बदलाच्या अर्जावर दोघांच्या सह्या त्याच वेळी होऊ द्या, "कागद मागाहून येईल" हे वाक्य बोलू नका. ज्यांच्याकडे नराची उत्तम ओळ आहे अशा ज्येष्ठ मंडळींना मी हात जोडून वेगळे सांगते : सही ही नव्याने या कामात पडलेल्या माणसाला अडवायची जागा नाही. आणि जे सभासद नाहीत, घरी वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेत घेतात, त्यांच्यासाठी आपण तालुक्या-तालुक्यात एकत्र येऊन चिपचा दिवस ठरवू शकतो. एका डॉक्टरांना बोलावले, एकदम पंधरा-वीस पिल्लांना चिप लावली, अर्ज तिथेच भरले, तर प्रत्येकाचा खर्चही उतरेल आणि अर्ज भरताना होणाऱ्या चुकाही टळतील. डिचोली आणि सत्तरीसाठी असा दिवस ठरवायला मी तयार आहे, पडवी माझी, यंत्र माझे.

माझ्या थोरल्या कुत्रीची नात आता पावणेदोन वर्षांची झाली आहे. तिच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र काढून झाले, ते चांगले आले आहे, आणि पावसाळा संपल्यावर ती फळवायचा विचार आहे. ज्यांना वेताची नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी होते हे पाहायचे असेल त्यांनी खुशाल यावे. अर्ज, वही, पावत्या सगळे उघडे ठेवीन. त्या साखळीच्या कुत्र्याच्या चार भावंडांपैकी एखादे, म्हातारे झालेले, अजून कोणाच्या घरी असेल, २००९ च्या गणपतीनंतर डिचोलीहून नेलेले, फिकट पिवळ्या रंगाचे, किंवा त्याची पिल्ले कोणाकडे असतील, तर त्यांनीही कृपा करून मला कळवावे.

आपली,
डिचोलीतील एक श्वानप्रजनक